कामिनीचा रोल

बेसा, नागपूर
३ एप्रिल

वेदिका म्याडम,

तू मले फोनवर ब्लॉक केलं, व्हॉट्सॲपवर केलं, इन्स्टावर केलं. आता पोस्टमनले ब्लॉक करून दाखव. तुहा पुण्याचा पत्ता कसा भेटला सांगू? कुरिअरवाल्या पोट्ट्याचं टी-शर्ट मागून घातलं आन् तुह्या घरची बेल वाजवली. "म्याडमचं पार्सल चुकून इकडं आलं, तिकडं पाठवाचं आहे." तुह्या आईनं पिनकोडसकट लिहून देला. वरतून म्हणते, किती ऊन आहे रे बाबा, पन्हं पिऊन जा. पेलो. एक नंबर पन्हं. अशा बाईच्या पोटी तू काहून इतकी कडू निघाली, कोणास ठाऊक.

खबर आइक. तू गेली आन् संस्थेच्या वसंत सरनं बालपथक माह्या हातात देलं. हाव, माह्या. बारावी फेल जितूच्या. "तू स्वयंसेवक नाहीस, उपद्रव आहेस" म्हणत होती ना, त्याच उपद्रवाच्या. टिनाच्या खोल्यांतले सारे पोट्टे आता मले "सर" म्हणते. म्हणजे म्हणा म्हटलं तर म्हणते.

तू शिकवलेलं सारं त्याइले पाठ आहे. वीज कडाडली तर झाडाखाली उभं राहाचं नाई. नाल्याचं पाणी चढलं तर पहिले म्हातारे, मंग लहान, मंग बकऱ्या. ओल्या हातानं कूलरले शिवाचं नाई. आन् अकरा वाजल्यानंतर पोट्टे उन्हात काढाचे नाई. हा शेवटचा नियम आता कॅन्सल आहे. सर म्हणते, मोठे पाहुणे सकाळी सातले येत नसतात.

याच गोष्टीवरून तू भांडली. साऱ्या ट्रस्टींसमोर माईकवर तावातावानं बोलून राहिली होती, आन् मी शिट्टी मारली. तूच शिकवलं होतं, शिट्टी वाजली का हातचं टाकून सावलीत पळा. सारे पोट्टे पळाले. पाहून पाहून ट्रस्टीबी पळाले, त्याइले वाटलं खरंच काही झालं. मैदानात तू एकटी, माईक घेऊन. बाप्पा, काय दिसत होती! तू माह्या कानाखाली काढली आन् त्याच आठवड्यात पुणं. एका शिट्टीसाठी कोणी शहर सोडते काय वं?

मले वाटलं होतं तू हासशील.

रुखमाबाईची कामिनी आठवते ना, तुह्या ओढणीले लटकून फिराची ती? आता तुही नक्कल करते. मान वाकडी करून, चष्मा वर सारून, "मुलांनो, पॅनिक व्हायचं नाही." सारी वस्ती लोळते हासून. मीच शिकवली.

मे महिन्यात दिल्लीचे पाहुणे येऊन राहिले. पथकाचं काम पाहतीन आन् एका पोट्ट्याले दिल्लीच्या मोठ्या परिषदेले नेतीन. विमानानं. कामिनीनं आत्ताच सांगून ठेवलं, "खिडकीत मी बसन." मी म्हटलं, पहिले नंबर तर लागू दे. तं म्हणते कशी, "जितूदादा, तू असल्यावर कायची काळजी?"

जळली का नाई?

तुहा उपद्रव,
जितू


२७ एप्रिल

वेदिका म्याडम,

जवाब देला नाई. ठीक आहे. पत्र परत आलं नाई, म्हणजे फाडाच्या आधी वाचलंच असशील.

पाहुण्याइसाठी आयटम बसवून राहिलो. एका पोरीले ऊन लागते, ती पडते, पथक धावते, तिले सावलीत नेते, डोक्यावर पाणी, मानेवर पाणी, काखेत ओलं फडकं. सारं तुहंच. पण तुह्या कार्यक्रमात मजा नव्हती वं. पडणारा पोट्टा पडल्या पडल्या दात काढे, मंग आई दिसली का हात हलवे. कोण रडन त्याले पाहून?

मी रोलसाठी मुकाबला लावला. ज्याले सगळ्यात चांगलं मरता येते त्याले रोल. बाकीचे धप्पकन पडून हातपाय झाडत होते, सिनेमावानी. कामिनी पडली ते जशी दोरीवरची ओली चादर सुटते तशी. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर. मी तिच्या हातावर मुंगी सोडली. हालली नाई. तळपायाले गुदगुल्या केल्या. हालली नाई. तिच्या कानात म्हटलं, "कामिनी, तुही माय आली, हातात झाडू आहे." पापणी हालली नाई वं! मी घाबरलोच. मंग चुटकी वाजवली तशी टुणकन उठली. "पाहिलं? तुले फसवलं."

तोच नियम केला मंग. मी चुटकी वाजवल्याबिगर उठाचं नाई. कोणी हलवो, ओढो, नाव घेऊन बोंबलो. सर आले तरी नाई. देव आला तरी नाई.

वसंत सर पाहून खूश. म्हणते, "जितेंद्र, पण चेहरा ताजातवाना दिसतो रे तिचा." सर बरोबर होते. तेल लावून, पावडर लावून येते पोट्टी. मी तिले सांगितलं, प्रोग्रामच्या दिवशी सकाळपासून पाणी पेवाचं नाई. ओठ सुकले पाहिजे, पांढरे, फुटल्यावानी. तुले जे म्हणतात ना नॅचरल. तसंही मैदानावर पोरींसाठी बाथरूम नाईच, त्या तिथं पाणी पेतच नाई. तूच सरच्या मागं लागली होती त्याच्यासाठी. अजून झालं नाई.

कामिनीनं विचारलं, "थुंकी गिळली तर चालते?"

मी म्हटलं, "तेवढी चालते."

तू इतके महिने इमानदारीनं शिकवलं, कोणाच्या डोळ्यात पाणी आलं काय? मी आणून दाखवतो.

जितू सर


१५ मे

वेदिका,

पेपरात आलं ते वाचलं असशील. पेपरवाले काहीही लिहिते.

तुले पहिलेपासून सांगतो, म्हणजे तू उगाच डोक्यात काही घेणार नाई.

सकाळी मी साऱ्या पोट्ट्याइले टपरीवर तर्री पोहे चारले. माह्या खिशातून. कामिनीनं दोन प्लेटा हाणल्या, वरून तर्री मागून मागून. नाक वाहून राहिलं, डोळे वाहून राहिले, जीभ बाहेर काढून हा-हा करून राहिली आन् हासून राहिली. इतकी खूश होती. मंग मैदानावर गेलो. पाहुणे दुपारच्या आत येणार होते. सरनं त्याइले विमानतळावरून सरळ सावजी खाऊ घालाले नेलं. बाहेरच्याइले सावजीची हौस असते, मंग रुमालानं कपाळ पुसत तासभर एसीत बसते. यात माही काय चूक?

मंडप पाहुण्याइच्या खुर्च्यांवर होता. तिथं दोन कूलरबी होते. पोट्ट्याइवर मंडप नव्हता कारण सरचं म्हणणं होतं, उन्हाचा कार्यक्रम आहे, फोटोत ऊन दिसाले पाहिजे. पोट्टे रांगेत उभे. मी म्हटलंबी सरले, जरासे बसवू काय भिंतीले? सर म्हणे गाडी वळली, पाचच मिनिटं. ते पाच मिनिटं लय वेळ चालले.

मधात कामिनीनं रांगेतून मले हात दाखवला, असा तोंडाजवळ. मले वाटलं, आपला नंबर कधी म्हणून विचारते. मीबी हातानंच सांगितलं, थांब.

पाहुणे आले. हार झाले. शाल झाली. वीज झाली, नाला झाला, टाळ्या झाल्या. मंग ऊन. कामिनीले मधात चालत येऊन, कपाळावर हात ठेवून मंग पडाचं होतं. ती मधात आलीच नाई. रांगेतच पडली. मी मनात म्हटलं, वा, काय अक्कल आहे, लोकाइत पडली तर अजून खरं वाटते.

पथक धावलं. वेदिका, तू असती तर तुह्या डोळ्यात पाणी आलं असतं. एक चूक नाई केली पोट्ट्याइनं. उचलली, मंडपाच्या कडेले आणली, पाय वर केले, गळ्याची बटनं सोडली. एकानं बादली वाकडी करून डोक्यावर ओतली, एकीनं मान पुसली, काखा पुसल्या. तू सांगितलं तसंच, त्याच लाइनीनं.

बादली रिकामी होती. सरनं सांगितलं होतं, पाणी सांडलं तर गालिच्याचा चिखल होते, रिकाम्या बादलीनंच ॲक्टिंग करा. फडकंबी कोरडंच होतं. पोट्टे हवा ओतून राहिले आन् पाहुणे टाळ्या वाजवून राहिले. दिल्लीची म्याडम गॉगल काढून डोळे पुसत होती.

मी चुटकी वाजवली. उठली नाई. अजून वाजवली. मले हासू आलं. म्हटलं, आज मलेच फसवून राहिली पोट्टी. म्याडम म्हणे, हिच्यासंग फोटो पाहिजे. साऱ्या पाहुण्या बाया तिच्या बाजूले बसल्या. मी खाली वाकून हळूच म्हटलं, "बस झालं वं, उठ, दिल्लीले जाची ना?" तळपायाले गुदगुल्या केल्या.

तळपाय तव्यावानी होता. घामाचा एक थेंब नाई.

मले लगेच समजलं. फोटो झाल्या झाल्या लगेच. मीच उचलली तिले, मीच रिक्षात टाकली. हे पेपरात नाई आलं.

सरकारी दवाखान्यात आहे. शुद्धीवर नाई. नर्सनं फ्रॉकच्या खिशातून कांदा काढून रुखमाबाईच्या हातात देला. ऊन लागू नये म्हणून आदल्या संध्याकाळीच टाकून ठेवला होता बाईनं. तो कांदा ती अजून मुठीत धरून बसली आहे.

तू दवाखान्यात फोन कर. तुहं इंग्लिश आइकून डॉक्टर नीट सांगतीन. आमच्याशी कोणी बोलत नाई.

जितू


३० मे

वेदिका,

दोन महिने पत्र टाकून राहिलो आन् तुहा पहिला जवाब एक ओळ. "तिने पाणी प्यायलं होतं का?" ना नाव, ना कशी आहे, ना तू कसा आहेस. मास्तरीण ते मास्तरीण.

मी काय तिच्यासंग माठ घेऊन फिरत होतो? इतक्या पोट्ट्याइत कोण पेलं, कोण नाई, कोणी पाहिलं? आणि तू विचाराच्या भानगडीत पडू नको, इथं आता वेगळंच चालू आहे.

कामिनी शुद्धीवर आली. हे पहिले सांगाले पाहिजे होतं. आली. डोळे उघडले, आईले ओळखलं, मले ओळखलं. पण बोलणं गेलं तिचं. गेलं म्हणजे आवाज निघते, शब्द घसरते. पेलेल्या माणसावानी. हातात वाटी देली का वाटी थरथरते. उभी केली तर जहाजावर उभी असल्यावानी डुलते. डॉक्टर म्हणे, तापानं मेंदूचा तोल सांभाळणारा भाग भाजला. सुधरन काय? म्हणे पाहू.

साऱ्या वस्तीची नक्कल कराची ती.

कलेक्टर हापीसानं कमिटी बसवली. वसंत सरनं मले हापीसात बोलावलं, एसी लावला, लिंबू शरबत देलं. म्हणे, "जितेंद्र, पोरगी उपाशी आली असेल. या वस्त्यांमधे आया पहाटे कामाला जातात, मुलं तशीच निघतात. उपाशीपोटी ऊन लागणारच." मी म्हटलं, सर, ती तर... सरनं हात वर केला. "तू विचार कर. संस्था बंद पडली तर दवाखान्याचं कोण करेल? रुखमाबाई?" आणि म्हणे, पथकाले पगारी माणूस पाहिजे आता. कायमचा.

विचार कराले मले वेळ लागत नाई, तुले माहीत आहे.

दवाखान्याच्या पायरीवर रुखमाबाईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "काकू, त्या दिवशी कामिनी जेवून आली होती काय?"

"मी कशी सांगू बापा? मी पाचलेच निघाली. पोया करून डब्यात ठेवल्या होत्या."

"संध्याकाळी डबा पाहिला?"

बाईनं आठवून पाहिलं. मंग म्हणे, "पोया तशाच होत्या."

तशाच राहणार ना. दोन प्लेट तर्री पोहे खाल्ल्यावर कोण पोया खाईन. पण हे मी बोललो नाई. मी फक्त मान खाली घातली आन् लांब श्वास सोडला. इतकं चांगलं मले कधी जमलं नव्हतं. पुढचं मले बोला लागलंच नाई वेदिका, तिचं तीच बोलली. "म्हणजे उपाशी गेली माही पोरगी. मी थांबली असती तं दोन घास चारले असते. फ्लॅटवाल्या बाईच्या पोराचा डबा भराले पळाली मी आन् माही पोरगी उपाशी गेली." छाती बडवून घेतली तिनं. लोक जमा झाले. मी तिचे हात धरले. म्हटलं, "नका काकू. तुमची काय चूक त्याच्यात." ते म्हटलं का ती अजून जोरानं रडली.

कमिटीसमोर तेच बोलली. साहेबानं पोराइलेबी विचारलं. मी पाठीमागं उभा होतो. पोट्टे म्हणे, आम्हाले माहीत नाई.

चांगले पोट्टे आहेत. कोणाले काय सांगाचं नाई ते बरोबर समजते त्याइले.

जितेंद्र
(पथक समन्वयक. असा शिक्का आहे आता.)


२२ जून

वेदिका,

तू आली होती. मले माहीत आहे. मी रेतीच्या ढिगामागं होतो, सारं आइकलं.

तू नवीन बाथरूम शोधत होती मैदानावर, तेबी पाहिलं. नाई बांधलं.

रुखमाबाईनं तुले उंबऱ्यातच उभं केलं. तू म्हणली, "काकू, मी फक्त एवढंच विचारायला आले, तिला कोणी पाणी पिऊ नको सांगितलं होतं का?" आणि बाई तुह्या अंगावर आली. "तुम्ही कोण विचारणाऱ्या? पोट्टे टाकून पुण्याले पळून गेल्या. माही पोरगी उपाशी गेली होती, माह्या नशिबानं गेली, तुम्ही काहून उकरून राहिल्या? तो जितू दिवसरात्र उभा होता दवाखान्यात. तुम्ही होत्या?"

पळून गेली, हे मीच सांगितलं होतं तिले. गरज पडन वाटलं होतं. पडली.

तू गल्लीत उभी राहून चष्मा पुसत होती. मले वाटलं यावं बाहेर. काय बोललो असतो? तू पुन्हा एक ठेवून देली असती. ते चाललं असतं.

आता तू माही पत्रं घेऊन कमिटीकडं जाशील. जा. मी रोखत नाई. पण कमिटी रुखमाबाईले विचारन आन् ती सांगन, उपाशी होती. पोट्ट्याइले विचारन, ते म्हणतीन माहीत नाई. आन् सर म्हणतीन, या पोराले लहानपणापासून फोकनाडीची, थापा माराची सवय, लिहिलं असेल काहीतरी पोरीले जळवाले. पहिली दोन वाच, तेच तर केलं आहे मी.

राहिली कामिनी.

तिचं सांगतो, म्हणजे तुले जाच्या आधी समजन.

मी रोज संध्याकाळी तिच्या घरी औषधं पोचवतो. संस्थेकडून. टिन तापलेलं असते, आत उभं राहावत नाई, रुखमाबाई तिले दारात चटईवर बसवते आन् भरवते. हाताची थरथर थांबली नाई, घास तोंडाजवळ जाईपर्यंत अर्धा सांडते. दर घासाले बाई म्हणते, "खाय माय. उपाशी राहत जाऊ नको. त्या दिवशी खाऊन गेली असती तं असं झालं असतं काय?"

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात कामिनी हे आइकून मान हलवे. नाई. तोंडातून काहीतरी काढाची, लांबलचक, लाळ गळाची. मंग माह्याकडं बोट कराची. ते बोट कुठल्या कुठं जाये, तरी मले समजे. रुखमाबाईले वाटे, दादाले बोलवून राहिली. मले म्हणे, "ये बापा, बस तिच्याजवळ, तुह्यावर लय जीव आहे तिचा." मी बसत होतो. जवळ बसलं का ती माही बाही पकडे आन् मान हलवे. नाई नाई नाई.

रुखमाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणे, "आठवत नाई लेकराले. डोक्यावर परिणाम झाला ना. डॉक्टर म्हणे होतेच असं." आणि मंग तिले समजावून सांगे, सारं पहिलेपासून. मी पाचले निघाली, तू झोपून होती, डब्यात पोया होत्या, तू खाल्ल्या नाई, तशीच गेली, मंग चक्कर आली. रोज. एकेक वाक्य थांबून थांबून, जसं पहिलीतल्या पोराले शिकवते. मी मधात काही बोललो नाई. एकदा बाई एक गोष्ट विसरली, डब्याची. ती मी सांगितली.

मागच्या आठवड्यापासून तिनं बोट करणं सोडलं. नुसती पाहत राहाची. आईकडं, मंग माह्याकडं.

काल रुखमाबाईनं भाताचा घास हातात धरून विचारलं, "सांग बरं माय, त्या दिवशी तू काही खाल्लं होतं काय?" कामिनीनं लय वेळ लावला. तिचे ओठ हालून राहिले होते, आठवून पाहत होती ती, खरोखर आठवून पाहत होती, भुवया चढवून. मंग तिनं मान हलवली. हळू, इकडून तिकडं. नाई खाल्लं. आन् तोंडानंबी म्हणाली, इतक्या दिवसात पहिल्यांदा साफ शब्द निघाला. "उपाशी."

रुखमाबाईले पदरात तोंड घालून रडू आलं, बोलली म्हणून. साऱ्या गल्लीले हाका मारून सांगितलं, माही पोरगी बोलली.

कामिनी माह्याकडं पाहून राहिली होती. बरोबर सांगितलं काय, असं.

माह्या तोंडून निघालं, "शाब्बास."

जितू